राखाडी रकाने

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती एका जागी घटकाभर बसेल तर शपथ, म्हणून मावशीने ठेवलेलं ते नाव. पुढे भिंगरी शिकली, प्रोग्रॅमर झाली, दिवसभर खुर्चीत बसण्याचा पगार घेऊ लागली, तरी ते नाव काही सुटलं नाही. आणि त्यात चुकीचं तरी काय होतं? वर बोटं कीबोर्डवर आणि खाली पाय टेबलाच्या दांडीवर, अशी तिची दोन्हीकडून ठोकाठोक चालू असायची. समोरच्याला वाटावं, बाईला कुठेतरी जायचंय आणि आपणच तिला अडवून ठेवलंय.

आईच्या माघारी तिला वाढवलं ते या मावशीनेच. मावशीने टेलिफोनच्या कचेरीत जन्म काढलेला. बोलण्यात तिला कुणी हरवलं नसतं. पण झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली, बोलणं तुटक झालं. एकेक शब्द विहिरीतून बादली ओढावी तसा वर यायचा. डोकं मात्र लख्ख. तिला घरी सांभाळायचा हट्ट भिंगरीने करून पाहिला, नवऱ्याने साथ दिली, शेवटी दोघांनी हात टेकले आणि मावशीला नदीपलीकडच्या एका शुश्रूषागृहात ठेवलं. जागा स्वच्छ, खिडक्या मोठ्या, माणसं प्रेमळ. तरी त्या दिवसापासून भिंगरीच्या जिवाला चैन नव्हती. आपण मावशीला टाकून आलो, हे ती तोंडाने कधी म्हणाली नाही. पण एक दिवसाआड तिथे जाऊन कशात ना कशात खोट काढायची, ती त्याच्याच पोटी.

पहिली खोट तिने काढली ती स्वयंपाकघरातल्या फळ्याची. कुणाला काय चालत नाही, कुणाला साधं जेवण, कुणाला कुस्करलेलं, हे सगळं तिथे खडूने लिहिलेलं असायचं, आणि येता-जाता कुणाच्या तरी खांद्याला लागून अर्धं पुसलेलं असायचं. भिंगरीने त्यावरून मेट्रनबाईंचं इतकं डोकं खाल्लं, की त्या एकदा म्हणाल्या, "मग तुम्हीच करून द्या की काहीतरी!" बोलायला गेल्या आणि अडकल्या. भिंगरीच्या चार माणसांच्या ऑफिसने ते काम घेतलं आणि फळ्याच्या जागी स्वयंपाकघरात एक पडदा आला. पडद्यावर रोज सकाळी त्या दिवसाचं नवं टेबल उघडायचं. खोली, नाव, जेवणाचा प्रकार, काय चालत नाही, हे पहिले चार रकाने. मग आज काय वाढायचं, किती खाल्लं, शेरा, हे स्वयंपाकघराने भरायचे. जेवणाआधी आचारीबाईंनी एक बटण दाबलं की प्रत्येकाच्या ताटाची चिठ्ठी छापून यायची आणि चिठ्ठीप्रमाणे ताट लागायचं.

फक्त एक गोची होती. टेबलातल्या कुठल्याही चौकटीत कुणीही काहीही लिहू शकत होतं. एकदा कीबोर्डवर फडकं फिरवलं गेलं आणि सात नंबर खोलीतल्या आजोबांचं नाव "ठठठठठ" झालं. लोक दोन दिवस त्यावर हसले. मग एका साखरेच्या पेशंटला गोड गेलं आणि कुणी हसेना. मेट्रनबाईंनी फोन केला.

"हे पहिले चार कॉलम माझ्याशिवाय कुणाला बदलताच येता कामा नयेत. होईल का तसं?"

"न व्हायला काय झालं? एका दुपारचं काम आहे," भिंगरी म्हणाली.

आणि खरंच तिने ते एका दुपारी केलं. चारही रकाने तिने राखाडी करून टाकले. त्यांवर कितीही टिचक्या मारा, कर्सर आत शिरायचा नाही. काम तपासायला ऑफिसात एक सहकारी होता. लोकांच्या कामातल्या चुका शोधायचाच तो पगार घ्यायचा, म्हणून सगळे त्याला खुसपट म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायचं. नियमाप्रमाणे काम आधी त्याच्याकडे जायला हवं होतं. पण तो आठवडाभर खुसपटं काढत बसेल आणि तोवर कुणीतरी मावशीच्या नावापुढे "ठठठठठ" करून ठेवेल, या विचाराने भिंगरीने ते त्याला न दाखवताच चालू करून टाकलं. स्वतःच स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि मावशीकडे गेली.

शुश्रूषागृहात त्या दिवशी मेट्रनबाईंनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "आता राखाडी रंगात जे दिसेल त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा. ते माझ्या हातचं आहे."

जेवणाच्या खोलीत मावशीच्या समोर कप्तान बसायचे. जन्मभर त्यांनी फेरीबोट चालवली होती, या तीरावरून त्या तीरावर, म्हणून कप्तान. पत्त्यांत बिनदिक्कत लबाडी करायचे आणि पकडले गेले की मावशीवरच डोळे वटारायचे. मावशी दिवसभरात जे काही मोजके शब्द बोलायची, त्यांतले निम्मे त्यांना दिलेल्या शिव्या असायच्या, आणि डॉक्टरांच्या मते हाच तिच्या जिभेला सगळ्यात चांगला व्यायाम होता. कुलपाची बातमी ऐकून कप्तान भिंगरीला म्हणाले, "काय जेलरबाई, आमची नावंसुद्धा कोंडलीत म्हणे?"

"तुमच्यासारख्या लबाडांपासून जपायला नको?"

"तुझी भाची तुझ्यावर गेलीय," कप्तान मावशीला म्हणाले. मावशीने मोठ्या कष्टाने एक शब्द वर काढला. तो शब्द इथे लिहिण्यासारखा नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका संध्याकाळी मेट्रनबाईंचा निरोप आला. मावशीला दुपारी जेवताना जोराचा ठसका लागला होता. डॉक्टर येऊन तपासून गेले. गिळायची ताकद कमी झालीय, घास चुकून श्वासनलिकेत जाऊ शकतो, उद्यापासून सगळं कुस्करलेलंच द्यायचं. उद्याच्या टेबलात बदल केलाय, काळजी नसावी.

काळजी नसावी म्हटल्यावर जी काळजी सुरू होते ती वेगळीच असते. भिंगरी रात्री दोनदा उठून पाणी प्यायली. सकाळी नवऱ्याने विचारलं, "अगं, बदललंय ना त्यांनी? मग आता कसली घालमेल?" ती म्हणाली, "कसली नाही." डबा मात्र घरीच विसरून गेली.

ऑफिसात आल्या आल्या एक तातडीचं काम अंगावर पडलं आणि त्यात सकाळ गेली. पाय टेबलाच्या दांडीवर ठोकाठोक करत होते. समोरून खुसपट म्हणाला, "भिंगरे, ती दांडी तुटली तर ती चूक मी कुठल्या रकान्यात लिहू?" ती हसली नाही. मनाचं समाधान करायला म्हणून तिने शुश्रूषागृहाचं टेबल उघडलं. तिच्या पडद्यावर पूर्ण टेबल कधी येतच नसे. पहिल्याच दिवशी तिने मावशीच्या खोलीची चाळणी लावून ठेवली होती. बाकीच्या ओळी लपायच्या आणि एकच ओळ दिसायची, मावशीची.

त्या ओळीत, राखाडी रकान्यात, लिहिलं होतं: साधं.

मेट्रनबाई विसरल्या, हा पहिला विचार. भिंगरीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून तिने आधी बदलांची नोंद उघडली, कुणी काय कधी बदललं ते दाखवणारी. तिथे दोन ओळी होत्या. काल संध्याकाळी मेट्रनबाईंनी आजच्या टेबलात "साधं"चं "कुस्करलेलं" केलं होतं. आज सकाळी स्वयंपाकघराने "कुस्करलेलं"चं "साधं" केलं होतं.

स्वयंपाकघराने? राखाडी रकान्यात?

काय झालं असणार ते भिंगरीला नोंद वाचता वाचताच कळलं. आचारीबाईंची कामाची रीत तिने स्वतःच्या डोळ्यांनी कितीदा पाहिली होती. पदार्थांची नावं रोज नव्याने टाईप करायचा त्यांना कंटाळा. त्या कालचं अख्खं टेबल, वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, एका झटक्यात उचलायच्या आणि आजच्या टेबलावर आणून चिकटवायच्या. मग जे वेगळं असेल तेवढं बदलायच्या. त्यात वाईट काहीच नव्हतं, बाई झटपट काम करत होती. भिंगरीने कुलूप घातलं होतं ते टाईप करण्याला. चिकटवण्याची वाट वेगळी होती आणि ती सताड उघडी होती. कालचं "साधं" आजच्या "कुस्करलेलं"वर येऊन बसलं होतं. बसल्यावर वरून पुन्हा राखाडी. म्हणजे चूक आत गेली आणि तिला कुणी हात लावू नये म्हणून भिंगरीनेच वर पहारा बसवलेला. आणि कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. राखाडीवर तर डोळे मिटून विश्वास ठेवायचा होता.

जेवणाची वेळ भरत आली होती. तिने आपल्या मुख्य लॉगिनने ती चौकट उघडली, "साधं" पुसलं, "कुस्करलेलं" लिहिलं, साठवलं, पान नव्याने उघडून पुन्हा पाहिलं. कुस्करलेलं. मग मेट्रनबाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला; जेवणाच्या वेळी त्या स्वतः जेवणाच्या खोलीत उभ्या असतात आणि फोन टेबलावर असतो. स्वयंपाकघरातला फोन लावला. तिथल्या पंख्यांच्या घरघरीत फोन कुणाला ऐकू जाणार! चिठ्ठ्या छापून झाल्या असतील का? आपण वेळेत बदललं का? तिने पर्स उचलली.

"कुठे निघालीस?" खुसपटने विचारलं.

"मावशीकडे. काल संध्याकाळी डॉक्टरांनी तिचं जेवण बदललं, आणि लॉक केलेल्या कॉलममध्ये पेस्ट होतंय."

"कुठल्या?"

"सगळ्याच. सगळीकडे." एवढं म्हणून ती जिन्यात पोचलीसुद्धा.

टॅक्सी मिळाली, पण रस्ता मिळेना. पुलाच्या तोंडाशी गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. भिंगरी सीटच्या कडेवर बसली होती. मध्येच दाराच्या मुठीला हात लावायची, मध्येच काढायची. टॅक्सीवाला आरशातून बघून म्हणाला, "बाई, तुम्ही उतरून धावलात म्हणून पूल काही लहान होणार नाही." तेवढ्यात फोन वाजला. तिला वाटलं मेट्रनबाई. खुसपट होता.

"अगं, एक विचारायचं होतं. तू म्हणालीस सगळीकडे. म्हणजे सगळ्यांच्याच ओळींत ना? फक्त मावशींच्या नाही?"

भिंगरीने दाराच्या मुठीवरचा हात काढला.

"काल संध्याकाळी डॉक्टर आले होते म्हणालीस. त्यांनी आणखी कुणाला तपासलं का?"

"नोंद बघ," ती म्हणाली. "चाळणी काढ आणि नोंद बघ. लवकर."

पलीकडे कीबोर्ड वाजला. पुलावरची एक गाडी हललीही नाही.

"आणखी एकच आहे. अकरा नंबर. कालच कुस्करलेलं केलंय, आज सकाळी पुन्हा साधं. यांना इथे कप्तान लिहिलंय, हे नाव आहे का कुणाचं?"

"बदल."

"बदलतो, पण भिंगरे, चिठ्ठ्या छापून झाल्यात. मघाशीच. तू मावशींचं केलंस त्याच्यानंतर लगेच."

म्हणजे तिच्या हातात वेळ होता. थोडा होता, पण होता. चाळणी काढून टेबल खालपर्यंत बघायला जेवढा लागला असता तेवढा तर नक्कीच होता. तो तिने पान पुन्हा उघडून "कुस्करलेलं" वाचण्यात घालवला होता. ज्या माणसाशी ती दर भेटीत थट्टा करते, ज्याच्या हातचे लबाडीचे पत्ते तिने स्वतः पकडलेत, तो माणूस तिच्या डोक्यातसुद्धा आला नव्हता. भिंगरीने टॅक्सीवाल्याच्या हातात नोटा कोंबल्या आणि उरलेला पूल ती धावत गेली.

जेवणाच्या खोलीत शिरली तेव्हा तिथे कुणी जेवत नव्हतं. सगळे एकाच बाजूला बघत होते. कप्तानांची खुर्ची आडवी पडली होती. एक धिप्पाड परिचारक कप्तानांना मागून मिठीत घेऊन त्यांच्या पोटावर मुठीने दाबत होता, पुन्हा आणि पुन्हा, आणि कप्तानांचा चेहरा निळसर पडला होता. त्यांचे पाय जमिनीला नीट टेकतही नव्हते. मग पावाचा एक ओला तुकडा बाहेर पडला आणि कप्तानांनी श्वास घेतला. तो आवाज भिंगरी जन्मात विसरणार नाही. त्यांना उचलून उपचाराच्या खोलीत नेलं. कुणीतरी रुग्णवाहिकेला फोन करत होतं.

मावशी आपल्या जागी बसली होती. समोर वाटीत कुस्करलेला बटाटा, डाव्या हातात चमचा. ती सुखरूप होती. भिंगरीला तिला मिठी मारावीशी वाटली आणि पाऊल पुढे पडेना.

आचारीबाई दारात रडत उभ्या होत्या. "चिठ्ठीवर साधं होतं हो! मी चिठ्ठी बघूनच वाढलं. राखाडीत साधं होतं!"

"असं कसं असेल? काल मी माझ्या हाताने बदललंय," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. भिंगरी दिसताच त्या तिच्याकडे वळल्या. "बघा ना हो तुम्ही जरा. मावशींचं बरोबर आलं आणि यांचंच कसं चुकलं?"

"मावशीचंही चुकलं होतं," भिंगरी म्हणाली. "चूक माझी आहे. आचारीबाईंची नाही, तुमचीही नाही. कालचं टेबल आजच्यावर चिकटवता येत होतं, ते मी बंद केलं नव्हतं. तपासलंही नव्हतं. सगळं सांगते मी, लिहून देते."

मावशी ऐकत होती. तिने चमचा खाली ठेवला.

"माझं," ती म्हणाली. मग बराच वेळ लागला. "कुणी?"

"मी बदललं, मावशी. ऑफिसातून. आत्ताच, जेवणाआधी."

"मग... त्यांचं?"

भिंगरीला शंभर गोष्टी सांगता आल्या असत्या. चाळणी होती, घाई होती, फोन कुणी उचलत नव्हतं. टेलिफोनच्या कचेरीत मावशीने उभ्या जन्मात असल्या सबबी हजारोंनी ऐकल्या असतील.

"माझ्या लक्षातच आलं नाही," ती म्हणाली.

मावशीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर भिंगरीला बरं वाटलं असतं. "जा," मावशी म्हणाली. "तिकडे."

उपचाराच्या खोलीत कप्तानांना उशांना टेकवून बसवलं होतं. नाकाला ऑक्सिजनची नळी, डोळे लाल, शर्टाची वरची बटणं तुटलेली. परिचारिका म्हणाली, जास्त बोलू देऊ नका, रुग्णवाहिका येतेय, छातीचा फोटो काढावा लागेल. भिंगरी स्टुलावर बसली. कप्तानांनी तिला ओळखलं आणि तिच्याकडे हात पुढे केला. तिने तो धरला; थंडगार होता.

"तुझी मावशी," ते म्हणाले. घसा खरवडल्यासारखा आवाज. "तिच्या ताटात नव्हता ना पाव? कालपासून तिलाही ठसका आहे. आधी तिला जाऊन बघ."

"बघितलं. ती ठीक आहे."

"मला तेवढंच वाटत होतं, गुदमरताना. की ही समोर बसलीय, हिला ओरडता येणार नाही." त्यांनी श्वास घेतला, तिचा हात थोपटला. "आधी तिलाच बघितलंस ना? शहाणी आहेस."

भिंगरीने हात सोडवून घेतला. थोपटून घेण्याच्या लायकीचा तो नव्हता.

"असं नका म्हणू, कप्तान. दोघांचंही बिघडलं होतं, माझ्या चुकीमुळे. जेवणाआधी मला दिसलं. तेव्हा वेळ होता, आणि मी फक्त तिचंच नीट केलं."

कप्तानांनी नाकाची नळी जरा बाजूला केली. बाहेर रुग्णवाहिका आल्याचा आवाज झाला, स्ट्रेचरची चाकं वाजू लागली.

"पण सगळ्यांचंच बिघडलं असेल, हे तुला ठाऊक होतं?"

"हो," भिंगरी म्हणाली. "ऑफिसातच माझ्या तोंडून 'सगळीकडे' असं निघालंही होतं."